उजव्या बाजूनंच घे

मला म्होरकी केलं त्या दिवशी पथकातल्या तेरा जणींनी टाळ्या वाजवल्या, आणि दुपारी जेवायला बसताना एकीनंही शेजारी जागा दिली नाही. त्यांची काही चूक नव्हती. नियमच तसा होता, आणि तो मला पाठ होता. आधीच्या म्होरकीला मी तरी कधी जागा दिली होती? तरीही ताट हातात घेऊन मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. माझी मैत्रीण ओळीत तिसरी बसली होती. तिनं वर पाहिलं, भुवया उडवल्या आणि भाकरी मोडायला लागली. ही हकिकत तिची आहे. म्हणजे मी तिला कशी घालवली, त्याची आहे.

पथक नांदेडचं. संवाद नाहीत, गाणं अगदी थोडं, सगळी गोष्ट नाचातून सांगायची. मास्तर त्याला बॅले म्हणायचे आणि जाहिरातीतही तसंच छापायचे. ते तरुणपणी मुंबईला एका मोठ्या नृत्यमंडळात होते. तिकडून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, भिंतीला कमरेइतक्या उंचीवर आडवा दांडा लावून, तो धरून रोज सकाळी तासभर पायांची मेहनत करायची सवय. आणि दुसरा हट्ट, की पुढे उभी राहणारी बाई शिकवून तयार करता येते. दांडा आमच्याकडे बांबूचा होता. तालीम व्हायची बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. तिथल्या पत्र्यांच्या फटींत कापसाचे तंतू अजून अडकलेले असायचे आणि जोरात गिरकी घेतली की नाकात जायचे. लोक विचारायचे, "बॅले म्हंजे काय असतंय वो?" मास्तर म्हणायचे, "येऊन बघा." लोक यायचे. आधी आम्हाला बघायचे, मग बॅले बघायचे.

मास्तर आम्हाला नावानं हाक मारत नसत. नावानं हाक मारली की लाड होतात, असं त्यांचं मत. ज्या गावची मुलगी, ते तिचं नाव. मी माहूर. कुणी किनवट, कुणी देगलूर. माझी मैत्रीण औसा.

आम्ही दोघी एकाच आठवड्यात आलो, बहात्तरच्या दुष्काळात. मी सोळा वर्षांची होते. माझे वडील माहूरला देवीच्या पायऱ्यांजवळ खणानारळाचं दुकान चालवायचे. त्या वर्षी यात्रेकरूच आटले, म्हणून मला नांदेडला मावशीकडे ठेवलं होतं. मैत्रिणीला तिच्या वडिलांनी नांदेडलाच मामाकडे शिकायला पाठवलं होतं. ती शिकायला आली खरी, पण जिनिंगच्या शेडमध्ये. घरी कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. वडील औशातले किराणा दुकानदार, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. त्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही, पण दिवाळीला आली तर नाचाचा 'ना' काढायचा नाही, अशी अट घातली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, पोरगी नांदेडला हापिसात आहे.

दुष्काळात पथकाला सरकारी काम मिळालं होतं. रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर जायचं आणि संध्याकाळची हजेरी झाली की तिथेच नाचायचं. स्टेज नाही, पडदा नाही. खडी फोडून झालेल्या जागेवरच्या कपऱ्या झाडून काढायच्या आणि अनवाणी उभं राहायचं. समोर बाया बसलेल्या, पाट्या उपड्या घालून त्यांवर, मांडीवर सुकडी खाणारी लेकरं. टाळ्या वाजवायचं त्राण कुणात नसायचं. एकदा नाच संपल्यावर एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "बसा गं बायांनो जरा, दमल्या असाल." दिवसभर घण मारून ती आम्हाला म्हणत होती. परत येताना गाडीत औसा रडली आणि मी तिच्या तळव्यांतल्या कपऱ्या केसातल्या आकड्यानं काढत बसले.

आमची जोडी होती. जोडी म्हणजे घुंगरांची. एका पायाला शंभर घुंगरं, लांब दोरीत ओवलेली. नेसण आवळून बांधलेली असली की वाकून ती गुंडाळता येत नाहीत, म्हणून एकीनं दुसरीचा पाय मांडीवर घ्यायचा आणि बांधायचा. दहा वर्षं मी तिचे पाय बांधले आणि तिनं माझे. तिच्या उजव्या घोट्यावर लहानपणीच्या भाजल्याचा डाग होता, त्याच्या वर दोरीचा पहिला वेढा यायचा. बांधता बांधता आम्ही काय काय बोलायचो! ती नकला करायची. मास्तरांची, हार्मोनियमवाल्याची, आणि माझी सगळ्यात छान. मी चिडले की म्हणायची, "माहूर, तुझं नाक लाल झालंय. राहू दे, मेकपला बरंय."

नाचायची ती. मी नाचायचे म्हणजे चुकायचे नाही, एवढंच. ती उडी घेऊन खाली यायची तेव्हा समोरचे लोक श्वास सोडायचे. मास्तरांनी दुष्काळातल्या त्या कामांवरून 'विहीर' नावाचा बॅले बसवला. बारा जणी गोल उभ्या राहून विहिरीची भिंत व्हायच्या, म्होरकी सूत्रधार व्हायची आणि औसा पाणी व्हायची. तळाशी पडून राहिलेलं, हळूहळू वर येणारं. शेवटी ती चार फूट उंच चौथऱ्यावर चढायची, उजवीकडे गिरकी घेत झेपावायची आणि उजव्या पायावर उतरायची. त्या एका उडीसाठी लोक 'विहीर' दुसऱ्यांदा बघायला यायचे.

त्यामुळे म्होरकी निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, तीच. मलाही वाटलं. मास्तरांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, "औसा नाचायला लागली की तिला दुसरं कुणी दिसत नाही. माहूरला सगळ्या दिसतात." हे कौतुक होतं की मला नाचता येत नाही असं सांगणं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ती मात्र खळखळून हसली. "म्हंजे मी नाचायचं अन् तू राखण करायची. चल, लई बेस झालं."

मग माझं शिक्षण सुरू झालं. मास्तरांनी ते वर्षभर चालवलं, आणि मी सांगते, त्यात नाच जवळजवळ नव्हताच. पहिले दोन महिने मला ओळीच्या अगदी शेवटी उभं केलं, फक्त पाठी बघायला. संध्याकाळी विचारायचे, आज कोण रडून आली होती? कुणाचं पोट दुखत होतं? मला पाठीवरून ओळखायला यायला लागलं. मग प्रेक्षकांत बसवलं, तिकीट काढून, बायांच्या घोळक्यात, आणि त्या काय बोलतात ते ऐकून येऊन सांगायचं. मग ट्रंका कुठल्या क्रमानं टेम्पोत चढवायच्या, तबलजी रुसला तर कोणी समजूत काढायची, कुणाला कधी घरी पाठवायचं. तोंडानं मोजायचं नाही, हे तर पहिलंच. म्होरकीनं श्वास घेतला की ओळीनं तो पाठीवरून ओळखून पाय उचलायचा. आणि सगळ्यात मोठी शिकवण ही, की एकीचं चुकलं तर म्होरकीनं तीच चूक करायची आणि ओळीनं म्होरकीच्या मागं जायचं. चौदा जणी एकदम चुकल्या की ती चूक राहत नाही, समोरच्याला तो नाचच वाटतो.

बाकी होता वेगळं राहण्याचा नियम. म्होरकीनं वेगळं जेवायचं, प्रवासात पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि घुंगरं आपली आपण बांधायची. मी मास्तरांशी यावरून भांडले. ते म्हणाले, "जिचा पाय मांडीवर घेशील, तिला दुसऱ्या दिवशी चार जणींसमोर बोलायची हिंमत होईल का तुझी?" मी नेसण थोडी सैल बांधायला शिकले आणि एका पायावर वाकून दोऱ्या गुंडाळायला लागले. औशाच्या जोडीला देगलूर आली, ओळीतली सगळ्यात नवी मुलगी.

एकटेपण काय असतं हे मला माहीत आहे असं मला वाटायचं. माहीत नव्हतं. टेम्पोत पुढे बसलेलं असताना मागं हशा पिकला की वाटायचं, माझ्यावरच हसतायत. मग कळायला लागलं की माझ्यावर हसत नसतात, मी त्यांच्या ध्यानातही नसते. ते जास्त लागायचं. तालमीत सगळ्या मला बाई म्हणायला लागल्या. पहिल्यांदा औशाला टोकलं, हात उशिरा वर येतो म्हणून, तेव्हा तीही म्हणाली, "हाव बाई." चेहऱ्यावर काही नव्हतं. टोमणा असता तर मी खूश झाले असते.

पथकांत अजून एक रीत असते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. नव्या म्होरकीची परीक्षा बघायची. ओळीतली एखादी मुद्दाम बाजू बदलते. उजवीकडे घ्यायची गिरकी डावीकडे घेते, आणि मग सगळ्या चोरून म्होरकीकडे बघतात, हिला दिसलं का? दिसलं आणि तिनं न चिडता नुसतं "बाजू" एवढंच म्हटलं, की हशा होतो आणि ती पास. माझी परीक्षा पहिल्या महिन्यात नऊ-दहा जणींनी घेतली. किनवटनं तर दोनदा. मी प्रत्येकीला पकडलं. औशानं एकदाही घेतली नाही. मला त्याचा फार अभिमान होता. वाटायचं, ओळीत एक जण तरी माझी लाज राखून आहे.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. तोवर तो उस्मानाबादचा एक तालुका, पण ऐट आधीपासूनच जिल्ह्याची. काही महिन्यांनी तिथे एक मोठा कार्यक्रम ठरला आणि आमची 'विहीर' बोलावली. मास्तरांची कंबर धरली होती, उठता येत नव्हतं. म्हणाले, "माहूर, तू ने." पथक घेऊन मी एकटी पहिल्यांदाच निघाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे औशाचे वडील येणार होते. साहेब लोक येणार, औशातले प्रतिष्ठित व्यापारी पुढच्या रांगांत बसणार, त्यांनाही निमंत्रण होतं. दहा वर्षांत त्यांनी मुलीला नाचताना पाहिलं नव्हतं. हे तिनं मला सांगितलं नाही. हार्मोनियमवाल्यानं सांगितलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. वाटेत अहमदपूरला चहाला थांबलो. मी पुढून उतरले आणि हॉटेलवाल्याशी कपांच्या हिशोबावरून बोलत राहिले. मागं काहीतरी गलका झाला, मग हसणं ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही. माझ्यावाचून चाललेल्या हसण्याकडे बघायचं मी सोडूनच दिलं होतं.

लातुरात सगळीकडे नवा रंग. कचेऱ्यांच्या पाट्यांवर 'जिल्हा' हा शब्द ताजा, काही ठिकाणी जुना शब्द खालून दिसायचा. रस्त्यात ज्यानं त्यानं विचारायचं, "नांदेडहून आलाव का? आता आमचं बी सगळं हितंच झालंय, बरं का." शाळेच्या मैदानावर फळ्यांचं स्टेज होतं. दुपारी तिथं तालीम लावली. फळ्या उन्हानं तापल्या होत्या. 'विहीर' शेवटापर्यंत आली, औसा चौथऱ्यावर चढली, आणि तिनं डावीकडे गिरकी घेतली. डाव्या पायावर उतरली.

ओळ थांबली. तेरा जोडी डोळे माझ्याकडे.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, शेवटी हिनंही केलं. तेही कधी, तर मास्तर नसताना, उद्यावर कार्यक्रम असताना, सगळ्यांसमोर. कानशिलं तापली. वर्षभर ताट घेऊन एकटी जेवले त्याचा सगळा राग एकदम वर आला, आणि मास्तरांनी शिकवलं होतं तसा मी तो गिळून टाकला. म्हटलं, "बाजू."

कुणी हसलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. "डावीकडनं बी बरं दिसतंय की, बाई."

"उजव्या बाजूनंच घे."

ती बघतच राहिली. दोन-तीन श्वास जातील इतका वेळ. मीही नजर हलवली नाही. तेही शिकवलेलंच होतं. मग ती म्हणाली, "हाव बाई." चौथऱ्यावर परत चढली, उजवीकडे गिरकी घेतली, उजव्या पायावर उतरली. कुठे काही हललं नाही. चेहरासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. दुसऱ्या रांगेत तिचे वडील बसलेले, पांढरी टोपी, हात मांड्यांवर, बस लागेल की काय अशा भीतीनं बसलेल्या माणसासारखे ताठ. तिनंही पाहिलं असणार. त्या संध्याकाळी ती जशी नाचली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. मैदानात खोकलासुद्धा नव्हता. मग ती चौथऱ्यावर चढली आणि झेपावली, उजवीकडे.

वाद्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. माझ्या तळव्यांना फळ्यांमधून कळलं. ती उतरली, पाय खालून गेला, आणि ती बसली. तोंडातून शब्द नाही. मीही त्याच क्षणी खाली बसले. माझ्या पाठीकडे बघणाऱ्या बारा जणी बसल्या. तबलजीनं ठेका धरून ठेवला. मी श्वास घेतला, गोल तिच्याभोवती आवळत नेला, आणि आम्ही हात खाली घालून तिला उचललं, विहिरीतून पाणी शेंदून काढावं तसं, डोक्याच्या वर. ती वर हात पसरून होती. लोक उभे राहिले. तिचे वडील उभे राहिले. टाळ्या वाजवत होते. मी ते पाहिलं, आणि माझ्या तळहातात तिचा सगळा भार थरथरत होता.

सकाळी दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हाड काल मोडलंय, पण सूज त्याच्या आधीची दिसतेय. मी बाहेर आले. देगलूर ओसरीत भिंतीला टेकून रडत होती. तिनंच सांगितलं. अहमदपूरला टेम्पोतून उतरताना औशाचा उजवा पाय मुरगळला होता. घुंगरं बांधताना घोटा एवढा मोठा झालेला, दोरीचा एक वेढा कमी घालावा लागला.

"मला का नाही सांगितलंस?"

"ओळीतलं म्होरकीला सांगायचं नसतंय, बाई." तिनं नाक पुसलं. "मी आले त्या दिवशी तुमीच सांगितलं होतं मला. तवा तुमी ओळीत होता."

मी आत गेले. औसा खाटेवर पडून होती. मला बघून म्हणाली, "बाबांनी टाळ्या वाजवल्या." मी म्हटलं, हो. तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवला. दुपारी तिचे वडील गाडी घेऊन आले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि तिला घेऊन औशाला गेले. पाय पुढे जुळला, पण सरळ जुळला नाही.

नांदेडला परत जाताना मी टेम्पोत पुढेच बसले. तेव्हा मला ती डावी बाजू पुन्हा दिसली आणि ती परीक्षा नव्हती हे कळलं. दुखत होतं म्हणून बिचारीनं बाजू बदलली, आणि मी तिला तुटायच्या पायावर परत उभी केली. मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बसलीस ते बरोबर केलंस." दुसऱ्या भागाबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांच्या शिकवणीत तो भागच नव्हता.

सहा-सात महिन्यांनी लातूरहून पत्र आलं. नव्या जिल्ह्यातल्या कलापथकांच्या प्रमुखांसाठी शिबिर होतं, भजनी मंडळवाले, शाहीर, सोंगी पार्टीवाले, सगळे. कुणी साहेब त्या संध्याकाळी प्रेक्षकांत होते. नर्तकी पडली हे त्यांना मागाहून कळलं होतं. मला बोलायला बोलावलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'नेतृत्वाचे गुण', आणि खाली 'प्रसंगावधान'. ते गुण मला माहीत होते, फक्त त्यांना इतकी भारदस्त नावं असतात हे माहीत नव्हतं. मी अर्धा तास बोलले. एकीचं चुकलं तर सगळ्यांनी कसं चुकायचं, पडलेलीला उचलून कसं नेलं. शाहीर मान डोलवत होते, दोघं-तिघं वहीत लिहून घेत होते. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या घेऊन मी खाली बसले, आणि मला माझीच इतकी किळस आली की चहाला न थांबता सरळ स्टँडवर जाऊन औशाची बस धरली.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. ती गल्ल्यावर बसली होती, उजवा पाय पोत्यावर लांब करून. वडील बाजार समितीकडे गेले होते. जाडी झाली होती थोडी, आणि छान दिसत होती. मला बघून खरंच आनंद झाला तिला. "अगं, ये की! उभी काय राहिलीस, गिऱ्हाईक हायस का?" गूळ-शेंगदाणे पुढ्यात ठेवले. पथकाची चौकशी केली. हार्मोनियमवाल्याची नक्कल करून दाखवली, बसल्या बसल्या, मान आणि हात यांनीच. मी हसले. वर्षभरात पहिल्यांदा मोकळं हसले, आणि वाटलं, आता सांगायचं. आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

मी सगळं सांगितलं. की मला पायाचं माहीत नव्हतं. मला वाटलं, तू इतर पोरींसारखी माझी परीक्षा घेतेयस, म्हणून रागानं उजवीकडून घ्यायला लावलं. की मला तेव्हा काही म्हणजे काही कळलं नव्हतं. हे सांगताना मी रडत होते आणि मला बरं वाटत होतं.

तिचा हात गुळाच्या भेलीवर तसाच राहिला.

"कळलं न्हवतं?"

"नाही गं. शप्पत."

"मी तुला कळावं म्हणून बदलली होती बाजू." ती सावकाश बोलत होती, आपली आपल्यालाच सांगत असल्यासारखी. "तोंडानं सांगायची सोय न्हवती. ओळ ऐकत होती. म्हटलं, बाकीच्या पोरी बदलतात, मी कधीच बदलली न्हाई. मी बदलली म्हंजे काहीतरी हाय, हे हिला तरी कळंल. कळलंच, असं वाटलं मला. तू बघितलंस की माझ्याकडं, किती येळ."

मी पुढ्यातले शेंगदाणे बाजूला सारले.

"मग तू म्हणलीस, उजवीकडनंच. मी म्हटलं, कळलंय हिला, तरी म्हणती. म्हंजे तसंच काहीतरी असणार. कार्यक्रम मोठा, मास्तर न्हाईत. म्होरकीला करावं लागतंय असलं. हितं पडून पडून लई इचार केला मी त्याचा. राग आला, मग गेला. मनातल्या मनात तुला माफ बी करून टाकलं होतं, महिना झाला आसंल." तिनं माझ्याकडे पाहिलं. "चांगलं वाटत होतं मला. माझा पाय कामाला आला, असं."

दाराशी एक बाई तेलाची बाटली घेऊन येऊन उभी राहिली. औसा पोत्याला धरून उठली, माझ्याकडे पाठ करून तेल ओतायला लागली, आणि बाई गेल्यावरही तशीच उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत बसले. थोड्या वेळानं ती न वळताच म्हणाली, "शेवटची बस पाचला हाय."

मी मन हलकं करायला गेले होते. तिच्याजवळ उरलं होतं तेवढंही घेऊन परत आले.